शेऱ्याच्या चौकटीत न मावलेलं

दिमाकात्सो,
कॉलेजच्या फॉर्मवर शेऱ्यासाठी दोनच ओळी आहेत.
मी लिहिलंय, ‘काम समाधानकारक. आवाज वाढवावा.’
सही केली, शिक्का मारला.
उरलेलं इथे लिहिते,
तुझ्याच टाचणवहीच्या पाठकोऱ्या पानावर.

पहिल्या दिवशी तू सात रंगांचे खडू घेऊन आलीस.
सेमोन्कोंगच्या या गारठ्यात
पोरं एकेक गोवरी काखेत मारून शाळेत येतात,
आधी शेगडीकडे बघतात, मग फळ्याकडे.
तुझ्या टाचणात शेगडी नव्हती.
माझ्याही नव्हती, एकतीस वर्षांपूर्वी.

तिसऱ्या आठवड्यात तपासनीस आले
आणि ऐन वेळी तुझा घसा बसला.
नंतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन तू रडलीस.
मी पाहिलं. आले नाही.
वाटलं, एकटीला रडू द्यावं.
आता वाटतं, निदान कपभर चहा तरी न्यायचा.
हे माझं चुकलं. तेही लिहून ठेवते.

आणि मग तो आला, रेत्सेदिसित्स्वे.
‘आमचं सांत्वन झालं’,
हे नाव घरात कुणाच्या जाण्यानंतर येतं
ते तुला सांगायला नको.
आठ महिने डोंगरावर मेंढ्यांमागे होता,
वर्गापेक्षा दोन इयत्तांनी मोठा,
गुडघे बाकाखाली मावत नव्हते,
घोंगडीला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास.

तू फळ्यावर लिहिलंस :
सत्तेचाळीस मेंढ्या, वजा एकोणीस.
‘वजा म्हणजे?’ त्यानं विचारलं. ‘नेल्या कुणी?’
वर्ग हसला.
तो नाही हसला.
एक कोकरू हरवलं तर ज्याच्या पाठीवर
रात्री काठी उमटते,
त्याला आपण सांगत होतो
खडूच्या एका रेघेनं एकोणीस घालवून टाक.
हेच गणित मी वर्षानुवर्षं घातलं
आणि गप्प राहिलेल्यांना ‘ढ’ म्हणून मोकळी झाले.
त्यातल्या किती जणांनी मनात विचारलं असेल,
नेल्या कुणी?

तू फळा पुसलास. फडकं नव्हतं, बाहीनंच.
म्हणालीस,
‘सत्तेचाळीस चरायला गेल्या. बर्फ सुरू झालं.
एकोणीस परत आल्या.
बाहेर किती?’
तो उठला, खिडकीशी गेला,
डोंगराकडे बघत ओठ हलवत राहिला.
‘अठ्ठावीस,’ म्हणाला,
आणि दोन पावलं दाराकडे निघालाच,
जणू त्यांना आणायला.

पाचापैकी किती गुण, ते लिहायचं
त्या दिवशी राहूनच गेलं माझ्याकडून.

आता तुला कुठली शाळा मिळेल, कोण जाणे.
मोखोत्लोंगच्याही पलीकडची असेल, घोड्यावरून जायची.
बूट एक माप मोठे घे, आत दोन मोजे लागतात.
पहिला पगार उशिरा येईल, उधारीची लाज धरू नको.
आमच्या न्ताते पित्सोंसारखे मुख्याध्यापक भेटले
तर मस्टर वेळेत भर, बाकी ते काही बघत नाहीत.
रंगीत खडू कुलपात ठेव.
एखाद्या दिवशी धडा साफ घसरेल.
तेव्हा पोरांनाच विचार, पाय कुठे सुटला?
या डोंगरातल्या वाटा
आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतात.
आणि रडू आलं तर
टाकीमागे नको, तिथे फार वारा असतो.

थंडी सरली की तो पुन्हा वर जाईल.
त्याला थांबवणं तुझ्या हाती नाही, माझ्याही नाही.
वाईट वाटेल. वाटू दे.
पण काल संध्याकाळी शाळेमागे
तो दगडांच्या ओळी मांडत बसला होता.
मी विचारलं, काय रे हे?
मान वर न करता म्हणाला,
‘म्मे, बाहेरच्या मोजतोय.’

लिफाफा चिकटवायच्या आधी
‘आवाज वाढवावा’ एवढं खोडलंय.
खाडाखोड दिसेल.
दिसू दे.